शालनचं गाणं आणि माझे पाच ड्रम

आमच्या घरात माणसं तीन होती आणि ड्रम पाच. त्यामुळे जागेचा प्रश्न निघाला की बहुमत कायम ड्रमांच्या बाजूने पडायचं.

माणसं म्हणजे आई, माझी धाकटी बहीण शालन आणि मी. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची एवढी चिंचोळी पट्टी, की परसात उभं राहून जोरात शिंकलं तर दोन्हीकडचे मासे दचकावेत! अशा गावात मी मुंबईहून एक अख्खा ड्रमसेट आणला. एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट.

मुंबईत मी दोन वर्षं एका हॉटेलात कपबशा विसळत होतो. तिथे एक म्हातारा गोवेकर रोज संध्याकाळी ड्रम वाजवायचा आणि मी बशी हातात धरून त्याच्याकडे बघत राहायचो. (त्या दोन वर्षांत माझ्या हातून किती बशा फुटल्या, ते मालकाला विचारू नका.) पुढे त्याचे गुडघे गेले. गावी परतताना त्याने आपला सेट माझ्या गळ्यात मारला, थोडंफार वाजवायला शिकवलं, आणि माझी नोकरीही त्याच सुमारास गेल्यामुळे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि सेट, बोटीने मालवण बंदरात उतरलो. बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात ड्रम भरले तेव्हा तीन बायका आणि एक बोकड यांना पुढच्या खेपेसाठी थांबावं लागलं.

त्यातला मोठा ढोल आडवा ठेवून पायाने वाजवायचा. तो आईच्या कमरेपर्यंत यायचा. शिवाय चार लहानमोठे ड्रम, तीन झांजा आणि त्या झांजांचे तीन-तीन पायांचे स्टँड. दारात हे सगळं उतरवल्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मेल्या, बायको हाडूच्या वयात ह्यां काय हाडलंस?"

"आये, ह्यो ड्रमसेट. मुंबैत ह्येच्याशिवाय गाणा होणा नाय."

"आणि निजतलो खंय?"

"कोण, मी?"

"तू नाय रे! तुका खळ्यात घालीन. ह्यो खंय निजतलो?"

तो माजघरात निजला. मी बाहेर, खळ्यात.

महिन्याभरात आम्ही 'खाडीकिनारा संगीत मंडळ' काढलं. पेटीवर गावडे मास्तर. ते शाळेत शिकवायचे. मालवणातल्या एका हॉटेलच्या रेडिओखाली बसून, चहाचे चार-चार कप ढोसून सिनेमातल्या गाण्यांच्या चाली पाठ करून आणायचे. फिडलवर बस्त्याव. तो रविवारी चर्चमध्ये वाजवायचा आणि उरलेले सहा दिवस होड्यांना डांबर फासायचा. ड्रमवर मी. आणि गायला शालन.

शालनचा आवाज फार गोड आहे, असं लोक म्हणायचे. मी ते ऐकून होतो. प्रत्यक्ष ऐकायचा योग मात्र येत नव्हता, कारण ती गायला लागली की मी वाजवायला लागायचो!

खरी अडचण पुढेच होती. मंडळात माणसं चार, पण स्टेजवर जागा एकालाच मिळायची. पहिला कार्यक्रम शाळेत झाला. सहा बाकं जोडून स्टेज केलं. त्यावर माझे ड्रम मांडून झाले तेव्हा एका कोपऱ्यात वीतभर फळी उरली. तिच्यावर मास्तरांनी पेटी ठेवली आणि स्वतः खाली उभे राहिले. बस्त्याव खिडकीत बसला. शालन शेजारच्या वर्गात उभी राहून दारातून गायली. पुढे वालावलच्या उत्सवात आम्हाला बैलगाडीवर बसवून मिरवणूक काढली, तेव्हा गाडीत मी आणि ड्रम होतो. शालन गाडीच्या मागून चालत, धूळ खात गात होती. मागच्या रांगेतल्या बायकांनी तिला वाट चुकलेली पाहुणी समजून पाणी दिलं.

"दादा, वायच एक झांज कमी कर मरे," ती म्हणायची. "माका उभी रवाक पाटाएवडी जागा होयी. जास्त नको."

"शालन, झांज कमी करूक येना नाय. सेट म्हणजे सेट. तुझो एक कान कापून ठेवलो तर चलात?"

ती गप्प बसायची. त्या वेळी मला वाटायचं, माझं म्हणणं तिला पटलं. किती गाढव असावं माणसाने!

मग त्या माघात शालनचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईला गिरणीत होता, मुहूर्त वैशाखातला. घरात आनंदीआनंद. संध्याकाळी आई शेजारी बातमी सांगायला गेली आणि शालन माझ्यासमोर येऊन बसली. मी झांजा चिंचेने घासत होतो.

"दादा, रापणीची पूजा फुडच्या पुनवेक आसा मां?"

"आसा."

"त्या दिवशी माका स्टेजर मधी उभी रवाचा आसा. एकदाच. मगे मी मुंबैक जातलंय, थंय कोण गावक देतलो? सगळ्यांका दिसात अशी उभी रवान एक तरी गाणा म्हणतलंय. तू काय तां बघ."

हे ती भांडून बोलली असती तर मी भांडलो असतो. पण ती हळू बोलली, आणि बोलून झाल्यावर माझ्या हातातली झांज घेऊन स्वतःच घासायला लागली. मी कबूल केलं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. चाळीस-पन्नास माणसं दोन्ही दोरांना लागतात, तेव्हा ते बाहेर येतं. आमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते दाजीमामा, आईचे सख्खे भाऊ. वर्षातून एकदा पौर्णिमेला रापणीचा सत्यनारायण व्हायचा: सकाळी पूजा, दुपारी जेवण आणि चार वाजता आमच्या मंडळाचा कार्यक्रम. मांडव खाडीच्या काठावर. स्टेज म्हणून मामांनी दोन टेबलं काढून ठेवली होती. मी ती टेप न लावता, नुसत्या नजरेनेच नापास केली.

"मामा, ह्येच्यार माझो मोठो ढोलसुद्धा रवाचो नाय."

"मगे तुका काय होया? समुद्र?"

म्हणाले चेष्टेने, पण बोलता बोलता स्वतःच थांबले आणि खाडीकडे बघायला लागले. आमच्याकडे जड सामान खाडीपार न्यायचं असलं की दोन होड्या बाजूबाजूला घेऊन, वरून आडवे बांबू टाकून काथ्याने बांधून टाकतात. तिला सांगड म्हणतात. सांगडीवरून माणसं म्हशी नेतात, कौलं नेतात, एकदा तर गावडे मास्तरांच्या शाळेचं कपाट नेलं होतं.

"सांगड बांधूया," मामा म्हणाले. "दोन होडये, वर फळये. काठाक लावून नांगरून ठेवूया. लोक मांडवात बसतले, तुम्ही पाण्यार. बारा जण नाचलात तरी जागा उरात!"

मला तर आभाळच ठेंगणं झालं. शालनला सांगितलं तेव्हा तिने आनंदाने आईला मिठी मारली. मला मारली नाही. (तिला अनुभव होता.)

पूजेच्या दिवशी दुपारी मामांनी सांगड बांधून दिली. तांडेलाच्या हातची गाठ, तिच्यावर हत्ती टांगावा. दोन्ही होड्यांवर वेगवेगळ्या फळ्या पसरल्या, दोन्हींचे नांगर टाकले आणि मामा जेवायला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "बाबी, कशाक हात लावू नको."

मी हात लावला नाही. फक्त थोडी जागा केली.

पहिल्यांदा पलीकडच्या होडीत माझा सेट मांडला. ती होडी भरली. मोठ्या ढोलाला होडीतली वल्ही आड येत होती, म्हणून ती काढून काठावर ठेवली. त्या होडीच्या नांगराचा दोर पायाखाली येत होता, म्हणून तो नांगरही काढला. एक नांगर अलीकडच्या होडीला होताच, दोन कशाला? आता मास्तर, पेटी, बस्त्याव आणि शालन अलीकडच्या होडीत बसणार, हे ओघानेच आलं. मधे, दोन होड्यांच्या सांध्यावर शालनने उभं राहायचं. ती जागा मी खरोखर सोडली होती! पण मोठ्या झांजेचा तिसरा पाय नेमका पुढच्या बांबूच्या गाठीवर येत होता. गाठ होती नारळाएवढी. तिच्यावर झांज डुगडुगायला लागली. मग मी ती गाठ सोडली आणि माझ्या ट्रंकेला बांधायची सुती दोरी घेऊन तिथे एक नाजूक, सुबक गाठ मारली. मुंबईत बुटाच्या नाडीला मारायचो तसली. मागच्या बांबूचीही एक गाठ तशीच आड येत होती. तिचीही तीच गत केली. ज्याचे आजे-पणजे दर्यावर्दी, त्या कुळात मी जन्मलो होतो.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. पौर्णिमा होती, बाराच्या सुमाराला भरती होऊन गेली होती आणि सुकती चांगली जोरात लागली होती. खाडीचं पाणी समुद्राकडे निघालं होतं. मांडवात सगळा गाव. शालन उभी राहिली. एक पाय अलीकडच्या होडीत, एक पाय माझ्या होडीत, अगदी मधोमध. आईच्या ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात. तिने एकदा मांडवाकडे बघितलं, पदर सारखा केला, आणि मास्तरांनी सूर दिला.

मी सुरू केलं. असं वाजवलं, असं वाजवलं, की पायाखालच्या ढोलाने होडी हादरायला लागली. दुसऱ्या कडव्याला मला जाणवलं की सगळी सृष्टी माझ्या तालावर डोलते आहे. मांडव डोलत होता, माड डोलत होते. मी डोळे मिटून घेतले. (कलावंताने अशा वेळी डोळे मिटू नयेत.)

"दादा!" शालनचा आवाज आला. "दादा, होडी!"

डोळे उघडले. माझी होडी आणि तिची होडी यांच्यामध्ये हातभर पाणी दिसत होतं. शालनचा एक पाय तिकडे, एक इकडे, आणि पाणी वाढत चाललं होतं. बस्त्यावने तिचा हात धरला.

"गो, पाय उचल! एक पाय उचल!"

तिने पाय उचलला. माझ्या होडीतला.

सुकतीने मला अलगद उचललं आणि ती मला समुद्राच्या दिशेने घेऊन चालली. वल्हं नाही. नांगर नाही. मी काय करणार? मी वाजवतच राहिलो! खरं सांगतो, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. आणि मी वाजवतो आहे म्हणून मांडवातल्या लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा तर उठून म्हणाला, "मुंबैत असाच करतत!"

दाजीमामांनी मात्र डोक्यावर हात मारून घेतला.

"अरे गाठ कोणी सोडल्यान? बाबी! गाठ कोणी सोडल्यान?"

आई पाण्याच्या कडेला धावत आली. "शिरा पडो त्या ढोलार! बाबी, उडी मार रे!"

"आणि ड्रम?" मी ओरडलो.

यावर आईने जे उत्तर दिलं, ते वाऱ्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही, ते एक बरंच झालं.

एवढ्यात माझी होडी खाडीच्या मध्यावरच्या वाळूच्या भाटीवर जाऊन रुतली आणि थांबली. धक्क्याने मोठी झांज पाण्यात गेली, पाठोपाठ माझ्या हातातल्या काठ्या. सगळं गप्प झालं.

आणि त्या शांततेत मी शालनचं गाणं ऐकलं.

ती थांबली नव्हती. अलीकडची होडी नांगरामुळे जागच्या जागी होती, तिच्यात आता मास्तर पेटीवर खाली वाकलेले, बस्त्याव टोकाला, आणि शालन मधोमध उभी. तिच्या पुढे-मागे काही नव्हतं. आवाज पाण्यावरून सरळ माझ्यापर्यंत येत होता. त्यात कुठे जोर नव्हता, खटपट नव्हती. आई पहाटे जात्यावर बसून गाते, त्यातलं काहीतरी त्यात होतं, आणि मला ठाऊक नसलेलंही पुष्कळ होतं. अठरा वर्षं ती माझ्या घरात होती आणि मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ही वैशाखात जाणार, आणि आता कुठे हिचं गाणं आपल्या कानावर पडतंय, असं वाटून मला त्या होडीत चक्क रडू आलं. (लोकांना वाटलं, मी बुडायला घाबरलो.)

तिकडे मामांनी लहान होडी पाण्यात लोटली आणि रापणीच्या दोराचं एक टोक घेऊन माझ्याकडे आले. दोर माझ्या होडीच्या टोकाच्या नाळेला बांधला. बांधताना माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या टोकाला काठावर रापणकर लागले होते, जेवून तृप्त झालेले चाळीस गडी. शालनने त्यांना दोर ओढायला उभं राहिलेलं पाहिलं आणि ती थांबली. तेव्हा मामा तिथूनच गरजले,

"गाणा बंद करू नको गो! तुझ्या तालार ओढतत ते!"

मग काय विचारता! एकाऐवजी तिने चार गाणी म्हटली. होडी वाळूत रुतलेली, वर पाच ड्रम, सुकतीचं पाणी उलटं. दोर ताणायला वेळ लागणारच. ध्रुपदाला गडी एक पाऊल मागे सरायचे, कडव्याला दम घ्यायचे. मी अर्ध्या वाटेवर पोचलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सावकाश ओढा रे, अजून एक होवंदे!" आणि चाळीस माणसांनी मला पाण्यात तसाच ठेवून पूर्ण एक गाणं ऐकून घेतलं. मीही ऐकलं. माझी काही तक्रार नव्हती.

शेवटी दिवेलागणीच्या आत मी काठाला लागलो. एक म्हातारी रापणीतली मासळी बघायला येतात तशी जवळ आली, मला आणि ढोलाला न्याहाळलं आणि म्हणाली, "मोठो गावलो, पण खावच्या उपयोगाचो नाय." आईने माझा कान धरला. शालन होडीतून उतरत होती. तिच्याभोवती बायका जमल्या होत्या, कोणी तिच्या गालावरून बोटं मोडत होतं, आणि ती हसत होती, पण मधेच मान वर करून मला शोधत होती. मी हात केला. मग तिने नीट हसून घेतलं.

वैशाखात ती गेली. बोटीवर चढवून आलो त्या दिवशी घरात जागाच जागा झाली. मंडळ आम्ही चालू ठेवायचा प्रयत्न केला. स्टेजवर आता मला हवे तेवढे हातपाय पसरता येत होते. पुढे कोणी उभं नव्हतं. दोन कार्यक्रम केले. तिसऱ्याच्या आधीच मी मास्तरांना म्हटलं, राहू द्या. माजघरात ड्रम होते, आई होती, आणि संध्याकाळी चुलीजवळ कोणी गुणगुणेल म्हणून मी उगाच कान देऊन बसायचो. आईही तशीच बसायची.

तीन वर्षांनी मुंबईला तिच्याकडे गेलो. परळच्या चाळीत दहा बाय दहाची खोली. दार उघडल्यावर आधी तिने माझ्या मागे गॅलरीत वाकून बघितलं.

"ड्रम हाडूक नाय मां?"

"नाय गो. एकटोच इलंय."

"मगे ये भितूर!"

जेवण झालं. नवरा दिवसपाळीला गेला होता, पोर निजलं होतं. मी विचारलं, "शालन, गातंस काय गो अजून?"

"खंय गातलंय? तेंची रातपाळी असली की ते दिवसाचे निजतत. नायतर पोर निजता. भित चार बोटांची. सगळा शेजार आयकता." थोडा वेळ ती ताटं विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "आज म्हणू काय?"

मी माझा पाट बाजूला सरकवून तिला जागा करून दिली. ती हात पुसून भिंतीला टेकून बसली आणि तिने ते पूजेतलं पहिलं गाणं सुरू केलं, अगदी हलक्या आवाजात. तोच आवाज. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी कान देऊन बसलो होतो, तो. पहिलं कडवं संपेपर्यंत मी श्वासही जपून घेत होतो.

दुसऱ्या कडव्याला माझ्या शेजारी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दिसला. मी फक्त एका बोटाने सुरुवात केली. नुसती साथ म्हणून. मग दोन बोटांनी. शालन हसली, आवाज जरा मोकळा झाला, आणि मग मला काय झालं ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या कडव्याला मी डबा मांडीत घेऊन दोन्ही हातांनी बडवत होतो!

शेजारच्या खोलीतून भिंतीवर धाडधाड थापा पडल्या आणि एक बाई ओरडली,

"गाणा चलांदे गो शालन! तो डबो तेवडो बंद कर!"

मी डबा खाली ठेवला. उरलेलं गाणं, आणि त्यानंतरची दोन, मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ऐकली.